कळतं, पण दूध सुटत नाही

"पटतंय हो सगळं, पण जमणार कसं?"

व्हीगन आहाराचा विषय निघाला की बोलणं फिरून या प्रश्नावर येतं. गोठ्यातल्या वासरांचं काय होतं ते वाचून झालेलं असतं, एखादी चित्रफीत पाहून झोप उडालेली असते आणि रात्री अकराला निश्चयही झालेला असतो. सकाळी सहाला गॅसवर आधण चढतं आणि हात आपसूक फ्रिजमधल्या दुधाच्या पिशवीकडे जातो. कळतं पण वळत नाही, ही आपली फार जुनी तक्रार आहे. मानसशास्त्रज्ञांनी गेल्या ऐंशी वर्षांत तिच्यावर भरपूर काम केलं आहे आणि त्यातलं बरंचसं थेट स्वयंपाकघरात वापरता येतं. या प्रकरणात आपण ते मीरा-भाईंदरच्या स्वयंपाकघरांत नेऊन पाहू. या शहरात इतक्या तऱ्हेची ताटं शेजारी शेजारी मांडली जातात की कुठलंही एकच उत्तर इथे टिकत नाही.

१. ताट कुणाचं, अडचण कुणाची

आधी व्याख्या. डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी स्थापन केली. शाकाहारी मंडळी दूध आणि अंडी खातात, हे त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. प्राण्यांपासून आलेलं काहीच नको, म्हणजे मांस, मासे, अंडी यांच्या जोडीने दूध, दही, तूप, लोणी, पनीर आणि मधही नको, अशी त्यांची भूमिका. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका या बाबतीत उपयोगाचा नाही, कारण दूध आणि मध असलेल्या पदार्थालाही तो मिळतो. म्हणून २०२२ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले आणि हिरव्या 'व्ही' अक्षराचं वेगळं चिन्ह आणलं.

आता शहराकडे या. भाईंदर पश्चिमेच्या एखाद्या जैन घरात मांस, मासे, अंडी, मध यांचा प्रश्नच नाही. कांदा-बटाटाही नाही. व्हीगन होण्यातलं बहुतेक अंतर या घराने पिढ्यान्पिढ्यांपूर्वी कापलेलं आहे. उरलं फक्त दूध. पण ते छाशीत, घीमध्ये, मिठाईत, चहात, देवाच्या पक्षालात म्हणजे अभिषेकात, सगळीकडे आहे. इथून काही किलोमीटरवर उत्तनच्या कोळीवाड्यात नेमकं उलटं चित्र. रोजचं कालवण नारळावर आणि चिंचेवर चालतं, दूध चहापुरतं. पण मासे हे तिथे जेवण आहे, धंदा आहे आणि सणही आहे. मीरा रोडच्या नयानगरमधल्या मुस्लिम घरांची अडचण आणखी निराळी, आणि गिरगाव-लालबागेतून इथे आलेल्या कोकणी मराठी घरांची आणखी वेगळी.

म्हणून "व्हीगन होणं सोपं आहे का?" हा प्रश्न अर्धवट आहे. कुठल्या ताटापासून निघून, हे विचारल्याशिवाय त्याचं उत्तर देऊ नये. उत्तनच्या मच्छीमाराला बोरिवलीतल्या सभागृहातून मासे सोडायचा उपदेश करणाऱ्यांविषयी मला फारसा आदर नाही. त्याच्या बाबतीत बदलायची आहे ती नुसती जेवणाची सवय नव्हे, पोटाचा व्यवसायही. पुढचं विवेचन त्यांच्यासाठी आहे ज्यांना स्वतःच बदलायचं आहे आणि जमत नाही.

२. मत आधी की ताट आधी

माणूस आधी मत बनवतो आणि मग त्याप्रमाणे खातो, असं आपण धरून चालतो. २०१० मध्ये लॉफनन, हॅस्लम आणि बॅस्टियन या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांना वाळवलेलं गोमांस चाखायला दिलं, काहींना काजू. हे एका वेगळ्याच पाहणीसाठी आहे असं भासवलं. नंतर दोन्ही गटांना विचारलं, कोणकोणत्या प्राण्यांची नैतिक काळजी आपण घ्यायला हवी? नुकतंच मांस खाल्लेल्यांनी ही यादी आखूड केली. गाईला दुःख जाणवतं हे मानण्यातही त्यांचा हात आखडता होता. काजू खाल्लेल्यांचं मन मोठं निघालं.

दोन्ही गटांतली माणसं सारखीच होती. फरक होता तो पाच मिनिटांपूर्वी तोंडात काय गेलं याचा. १९५७ मध्ये लिऑन फेस्टिंजरने सांगितलं होतं की कृती आणि मत जुळेनासं झालं की माणसाला आतून टोचतं, आणि मग जे बदलायला सोपं ते तो बदलतो. बहुतेक वेळा मतच बदलायला सोपं असतं.

संशोधक जॅरेड पियाझा यांनी २०१५ मध्ये मांस खाण्याची लोकांनी दिलेली समर्थनं गोळा केली. ती चार खान्यांत बसली : हे नैसर्गिक आहे, सगळेच खातात, शरीराला लागतं आणि चवीला छान लागतं. दुधाच्या बाबतीत आपल्याकडे पाचवं समर्थन येतं आणि ते सगळ्यांत भारी असतं, ते म्हणजे दूध पवित्र आहे. पंचामृत, अभिषेक, नैवेद्य, प्रसाद. मांस खाताना ज्या मराठी माणसाला श्रावणात का होईना जरा अपराधी वाटतं, त्याला दुधाच्या पेल्यापुढे तसं कधीच वाटलेलं नसतं. टोचणी नाही, तर बदलायची घाई तरी कशाला होईल? मांस चटकन सुटतं आणि दूध सुटत नाही, यामागचं एक कारण हे आहे.

या प्रयोगांतून निघणारा व्यावहारिक धडा थोडा उफराटा आहे. पूर्ण खात्री पटेपर्यंत थांबायची गरज नाही. आठवडाभर ताट बदलून पाहिलं तर मतही हळूहळू त्या बाजूला सरकतं.

३. शिळं पॉपकॉर्न

दुसरं कारण आणखी साधं आहे. मांस आठवड्यातून दोनदा खाल्लं जातं आणि दूध दिवसातून सहादा पोटात जातं. मांस आणताना विचार करावा लागतो, चहा करताना लागत नाही.

अमेरिकेतल्या वेंडी वूड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांना दर तासाला एक खूण देऊन 'आत्ता काय करता आहात आणि मनात काय चाललं आहे' हे लिहायला लावलं. जवळपास ४३ टक्के कृती रोजच्याच, ठरल्या जागीच आणि डोक्यात भलतंच काही चालू असताना होत होत्या. २०११ मध्ये त्यांच्या चमूने आणखी गमतीचा प्रयोग केला. चित्रपटगृहात प्रेक्षकांना पॉपकॉर्न वाटलं. काहींना ताजं, काहींना सात दिवसांचं शिळं. ज्यांना सिनेमात पॉपकॉर्न खायची सवय नव्हती त्यांनी शिळं बाजूला ठेवलं. सवय असलेल्यांनी शिळंही ताज्याइतकंच खाल्लं, आणि ते आवडलं नाही असंही वर सांगितलं. हेच लोक एका बैठकीच्या खोलीत गाण्यांच्या चित्रफिती पाहत असताना मात्र शिळं खाईनात. आणि चित्रपटगृहातच, पण रोजच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तेव्हाही त्यांनी शिळं सोडलं.

सवयीला चवीची पर्वा नसते, मतांचीही नसते. तिला जागा, वेळ आणि हात ओळखीचे लागतात. भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे पटकन उमगेल. भरतीचं पाणी कुठे जाईल ते मिठागरवाला पाण्याशी वाद घालून ठरवत नाही. तो एक उघाडी बंद करतो, दुसरी उघडतो आणि बांध घालतो. भरती दिवसातून दोनदा येणारच, तशी चहाची तलफही येणार. बदलता येते ती तिची वाट.

म्हणून पहिलं काम निश्चयाचं नसून जागेचं आहे. दुधाची पिशवी फ्रिजच्या दारात समोर असते, ती मागच्या खणात ढकला. रोजच्या चहाचं पातेलं आठवडाभर माळ्यावर टाका आणि दुसऱ्याच भांड्यात कोरा चहा करा. पोरखेळ वाटेल, पण दुसऱ्या हाताने खाल्लेल्या पॉपकॉर्नचं तत्त्व इथे लागू पडतं. हात अडखळला की डोकं जागं होतं.

मोठ्या प्रमाणावरही हे चालतं. केंब्रिज विद्यापीठाच्या काही उपाहारगृहांत चारपैकी एकाऐवजी दोन पदार्थ शाकाहारी ठेवले, तर शाकाहारी जेवणांची विक्री ४० ते ८० टक्क्यांनी वाढली. भाषण कुणी दिलं नाही, मांसही हटवलं नाही. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही चौऱ्याण्णव हजारांवर जेवणांच्या नोंदींवरून.

४. एकवीस दिवसांची गोष्ट

एकवीस दिवसांत सवय बदलते, हे आता इतक्या ठिकाणी छापून आलंय की ते शास्त्र वाटतं. त्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकात आहे. नाकाची शस्त्रक्रिया केलेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. वाटेत 'निदान' गळलं आणि नाकही गळलं.

लंडनच्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर बारा आठवडे प्रत्यक्ष मोजणी केली. जेवताना फळ खाणं, पाणी पिणं, जेवणापूर्वी पंधरा मिनिटं धावणं अशा साध्या सवयी प्रत्येकाने एकेक निवडल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला काळ ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब आला. आणखी एक गोष्ट त्यात दिसली. एखादा दिवस चुकला तरी एकूण प्रगतीत फारसा फरक पडला नाही. ही गोष्ट पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

याला जोडूनच मीरा-भाईंदरसाठी खास कामाचं एक संशोधन आहे. बास फर्प्लांकन यांचं म्हणणं असं, की घर बदलणं, नोकरी बदलणं अशा उलथापालथीत जुन्या खुणा नाहीशा होतात आणि साधारण तीन महिने सवयी सैल राहतात. त्यांनी इंग्लंडमधल्या पीटरबरो भागातली आठशे घरं पाहिली. नुकत्याच राहायला आलेल्यांवर पर्यावरणपूरक सवयींच्या सल्ल्याचा जास्त परिणाम झाला. आता आपलं शहर पाहा. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास लोकसंख्या, २०११ मध्ये आठ लाखांवर. यातले बरेचसे कुठून तरी सामान घेऊन आलेले लोक आहेत. नव्या फ्लॅटमध्ये दूधवाला ठरवायच्या आधीचे ते पहिले काही दिवस पुन्हा मिळत नाहीत. नवी जागा घेणार असाल तर हे लक्षात असू द्या. इंटिरियरवाल्याला सुचणार नाही.

५. जर अमुक झालं, तर मी तमुक करीन

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी निश्चयाचे दोन प्रकार केले. 'मी दूध सोडणार' हा पहिला. 'दुपारी चारला सगळे चहाला उठले, तर मी कपात गरम पाणी घेऊन लिंबू पिळीन' हा दुसरा. दुसऱ्यात वेळ, जागा आणि कृती ठरलेली आहे. ऐन वेळी विचार करावा लागत नाही, कारण तो आधीच करून ठेवलेला असतो. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या. जर-तर लिहून ठेवणाऱ्यांचं पारडं स्पष्टपणे जड निघालं.

हे करून पाहू. समजा, मीरा रोडच्या शांतीनगरात राहणारी आणि अंधेरीला नोकरी करणारी एक बाई आहे. तिने एक दिवस नुसतं टिपलं, दूध पोटात कधी कधी गेलं. सकाळचा चहा. डब्यातलं दही. पोळीला तूप. ऑफिसातला अकराचा चहा, मग चारचा. घरी आल्यावर सासूबाईंबरोबरचा चहा. रात्री हळदीचं दूध. म्हणजे सात वेळा.

बहुतेक जण सगळ्यात अवघड जागेवर पहिला हल्ला चढवतात, म्हणजे सकाळच्या चहावर, आणि तिथेच हरतात. हिने उलट करावं. रात्रीचं हळदीचं दूध पाहा. ते कुणाबरोबर प्यायचं नाही, त्याची फारशी ओढही नाही. तिथे जर-तर लिहायचं : 'भांडी आवरून झाली, तर मी ओवा-सुंठीचं गरम पाणी घेईन.' मग पोळीचं तूप. 'पोळी तव्यावरून उतरली, तर तिला शेंगदाण्याचं तेल लावीन.' ऑफिसातले दोन चहा मशीनचे असतात, पूड आणि साखर यांचं ते मिश्रण फारसं कुणाला आवडतही नाही. शिळ्या पॉपकॉर्नचाच तो भाऊ. तेही जातील. महिन्याभरात सातपैकी चार जागा मोकळ्या झाल्या. उरले सकाळचा चहा, दही आणि सासूबाईंबरोबरचा चहा. पहिल्या दोन्हींत जिभेचा प्रश्न आहे. तिसऱ्याचं कारण दूध नाहीच. तो सासूबाईंच्या शेजारी बसण्याचा वेळ आहे, आणि तो सोडायचा नसतो. कपात काय आहे एवढंच बदलायचं असतं.

६. जीभ शिकते

सोयादूध घातलेला पहिला चहा पिऊन बरेच जण कायमचे परत फिरतात. गरम आणि आंबटसर चहात ते कधी कधी फाटतं, आणि नाही फाटलं तरी चव 'तशी' लागत नाही. खरी गोम त्या 'तशी' मध्ये आहे. हुबेहूब नक्कल शोधली की प्रत्येक घोट तुलनेत नापास होतो.

रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. लीअन बर्च यांनी १९८२ मध्ये दोन वर्षांच्या मुलांवर हे चवीच्या बाबतीत पाहिलं. नवखा पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखायला दिला, तितकी त्याची पसंती वाढत गेली; काही पदार्थ वीस-वीस वेळा दिले होते. पहिल्या दोन घोटांवर निकाल देऊ नये, तो निदान दहाव्यानंतर द्यावा.

आणि नक्कल करायची गरज आपल्याला इतरांपेक्षा कमी आहे. सोलकढी, नारळाच्या रसातल्या शेवया, पिठलं-भाकरी, ठेचा, कांदेपोहे, मिसळ, वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, तेलावरचं थालीपीठ. यांत मुळातच दूध नाही. कोकणाने नारळाला दुधाचं काम फार पूर्वी देऊन टाकलं आहे. दह्यासाठी डॉ. नंदिता शहा यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या 'शरण' संस्थेसारखी मंडळी शेंगदाण्याचं दही शिकवतात : दाणे भिजवून वाटायचे, दूध गाळून उकळायचं, कोमट झालं की विरजणाऐवजी हिरव्या मिरचीचे देठ टाकून रात्रभर झाकून ठेवायचं. त्याची कढी चांगली होते. नुसतं खायला मला ते आवडत नाही. दहीभाताची आस असलेल्याने त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

७. दारावरची व्यक्ती

आतापर्यंत आपण एकट्या माणसाचा विचार केला. पण घरात काय शिजेल हे बहुतेकदा खाणारा ठरवत नाही. ही गोष्ट सगळ्यांत आधी नीट मांडली ती कुर्ट लेविन यांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात.

अमेरिकेत चांगलं मांस सैन्याकडे जात होतं. घरच्यांनी प्राण्यांचं काळीज, गुर्दे असे अवयव खावेत अशी सरकारची इच्छा होती आणि लोकांना त्यांची किळस होती. त्यासाठी नेमलेल्या समितीच्या कार्यवाह होत्या मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड. लेविननी आयोवात गृहिणींच्या गटांवर प्रयोग केला. काही गटांना तज्ज्ञ बाईंनी तळमळीने व्याख्यान दिलं. जीवनसत्त्वं, देशप्रेम, पाककृती, सगळं सांगितलं. बाकीच्या गटांत तेवढ्याच वेळात बायकांनाच बोलायला लावलं : आपल्यासारख्या घरांत हे का होत नाही, नवरा काय म्हणेल, वास कसा घालवायचा. शेवटी, येत्या आठवड्यात कोण करून पाहणार, असं विचारून हात वर करायला सांगितले. आठवड्याने चौकशी केली. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी नवा पदार्थ रांधला होता, चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के. हेतू मांस खपवण्याचा होता, हा भाग सोडा. यंत्रणा दोन्ही दिशांना तशीच चालते.

लेविन म्हणत, अन्न ताटात यायच्या आधी एका दारातून येतं आणि त्या दारावर एक व्यक्ती उभी असते. बदल हवा तर तिच्याशी बोलायला हवं. आपल्याकडे ही व्यक्ती म्हणजे आई, बायको, सासू. कॉलेजातला मुलगा एक दिवस येऊन जाहीर करतो, "आई, मी व्हीगन झालो," आणि पुढे काही करत नाही. आता वरणात तूप नाही, कढीत दही नाही, आणि ही सगळी कसरत करायची आईने. त्याच्या तत्त्वाचं ओझं तिच्या ओट्यावर. असे निश्चय लवकर मोडतात आणि ते मोडले याबद्दल मला वाईट वाटत नाही. ज्याने निश्चय केला त्याने आठवड्यातले निदान दोन दिवस कढई हातात घ्यावी.

हात वर करायची जागा मात्र आपल्याकडे तयार आहे. भाईंदरहून सुटणाऱ्या लोकलमधले ग्रुप, डबे वाटून खाणाऱ्या डब्यातल्या बायका, सोसायटीतली भिशी.

८. माळ आणि आयंबील

खाणं बदलण्याची सगळ्यांत यशस्वी मराठी पद्धत मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत तयार झाली नाही. ती गळ्यात असते. पंढरपूरला किंवा आळंदीला जाऊन तुळशीची माळ घातली की मांस, मासे, दारू सुटतं, एकादशी आणि वारी सुरू होते. आगरी समाजात ही परंपरा चांगली रुजलेली आहे. मासे हे ज्या घरांचं रोजचं अन्न, त्याच घरांत एखादा आजोबा, एखादी काकी माळकरी असते. तिची भांडी वेगळी, तिचं आधी शिजतं, मग बाकीच्यांचं कालवण. कुणाचं कुणावाचून अडत नाही.

आपण आतापर्यंत पाहिलेलं सगळं यात आहे. खूण चोवीस तास अंगावर आहे. निर्णय चार लोकांसमोर झालेला आहे. पाठीशी दिंडी आहे, म्हणजे तेच खाणारी माणसं आहेत. रोज नव्याने ठरवावं लागत नाही, कारण प्रश्न 'आज खाऊ का?' असा न राहता 'मी कोण आहे?' असा झालेला असतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, माळकऱ्याला कुणी आग्रह करत नाही. लग्नात वाढपी त्याच्या पानात मटणाचा रस्सा घालायला जात नाही. उलट व्हीगन मुलीला त्याच मांडवात चारचार जण सांगतात, "अगं, थेंबभर तुपाने काय होतंय!" तिच्या निश्चयाला समाजाने अजून ओळख दिलेली नाही. ती ओळख मिळेपर्यंत तिला सोबतीची माणसं शोधावी लागतील.

आयंबीलची तऱ्हा वेगळी. चैत्रात आणि आश्विनात नऊ नऊ दिवस जैन मंडळी दिवसातून एकदाच जेवतात, आणि त्या जेवणात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर काहीच नसतं. उकडलेलं धान्य आणि कडधान्य. आयंबीलशाळेत सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, म्हणून मोह समोर येत नाही. दुधाशिवाय एक दिवस निघणार नाही असं म्हणणाऱ्या घरातलीच आजी नऊ दिवस काढते. पण पारण्याच्या दिवशी दूध परत येतं. शेवटची तारीख ठरलेलं व्रत पार पडतं ते जिद्दीवर. रोजची जागा आणि वेळ मात्र तशाच राहतात, म्हणून सवयही जागच्या जागी राहते. श्रावणाचंही तेच. श्रावण लागायच्या आधीची गटारी पाहिली की, पुढच्या महिन्याची आठवण माणसाला आदल्या दिवशी किती खायला लावते हे कळतं.

९. सक्ती केली तर?

हा प्रयोग आपल्या शहरात होऊन गेला आहे. २०१५ मध्ये मीरा-भाईंदर महापालिकेने पर्युषणाच्या आठ दिवसांत मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. शेजारच्या मुंबईतही काही दिवसांची बंदी होती. राज्यभर गदारोळ झाला, मुंबईत निषेध म्हणून भर रस्त्यात कोंबडीविक्रीची दुकानं मांडली गेली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने मुंबईतल्या १७ सप्टेंबरच्या विक्रीबंदीला स्थगिती दिली. जे एरवी गणपतीच्या दिवसांत मांसाला शिवत नाहीत असेही लोक त्या आठवड्यात मांस खाण्याच्या हक्कावर हिरिरीने बोलत होते.

जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये याची उपपत्ती दिली होती : हातातली निवड हिरावली जाते असं वाटलं की तीच निवड जास्त मोलाची वाटू लागते. मायामीत १९७२ मध्ये फॉस्फेटवाल्या धुण्याच्या पावडरींवर बंदी आली. तिथल्या गृहिणी शेजारच्या भागातून गाड्या भरभरून पावडर आणू लागल्या. आणि बंदी नसलेल्या टँपातल्या बायकांच्या तुलनेत त्याच पावडरीला जास्त गुण देऊ लागल्या. कपडे पहिल्याइतकेच निघत होते.

घरातही हीच गत. जेवताना नवऱ्याच्या ताटाकडे बघून सुस्कारा टाकणारी व्हीगन बायको त्याला पनीरची गोडी नव्याने लावत असते.

१०. घसरल्यावर

अमेरिकेतल्या फॉनॅलिटिक्स संस्थेने २०१४ मध्ये अकरा हजारांवर लोकांची पाहणी केली. कधी ना कधी शाकाहारी किंवा व्हीगन झालेल्यांपैकी ८४ टक्के लोक परत मांसाकडे वळले होते. साधारण एकतृतीयांश तर तीन महिन्यांच्या आत. आकडा भारतीय घरांना जसाच्या तसा लागू होणार नाही, पण कच्चे दुवे तेच आहेत.

पहिला दुवा 'आता मोडलंच आहे तर' हा. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक यांनी वजनावर लक्ष ठेवून खाणाऱ्या काही बायकांना आधी मिल्कशेक पाजला, मग 'चव सांगा' म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं. मिल्कशेक प्यायलेल्यांनी न प्यायलेल्यांपेक्षा जास्त आइस्क्रीम खाल्लं. नियम तुटल्याची जाणीव झाली की भुकेचा हिशेब सुटतो. मुलाच्या बारशाला पेढा खाल्ला गेला, म्हणून संध्याकाळी बासुंदी कशाला? लॅलींच्या मोजणीत एका चुकलेल्या दिवसाने काही बिघडलं नव्हतं. बिघडतं ते त्या दिवसाचा अर्थ लावण्याने. 'घरी दूध नाही, बाहेर अडचण आली तर पाहू' असं सैल ठेवून दोन वर्षं टिकलेला माणूस मला तीन आठवड्यांच्या कडकडीत व्हीगनपेक्षा बरा वाटतो. वॉटसनच्या अनुयायांना हे रुचणार नाही.

दुसरा दुवा शरीराचा आहे आणि त्याला मानसशास्त्राचा इलाज नाही. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या शहरी-ग्रामीण भागातले मध्यमवयीन पुरुष तपासले तेव्हा सुमारे दोनतृतीयांश लोकांत ते कमी निघालं, आणि ते व्हीगन नव्हते. म्हणजे आपल्यातले पुष्कळ जण दूध सोडायच्या आधीच तळाशी आहेत. सहा-आठ महिन्यांनी थकवा, मुंग्या, चिडचिड सुरू होते, घरातले म्हणतात 'बघ, दूध सोडलंस ना', आणि प्रयोग संपतो. म्हणून सुरुवातीलाच रक्त तपासून घ्यावं, डॉक्टरांना विचारून ब-१२ ची गोळी चालू करावी, आणि तिच्यासाठीही एक जर-तर लिहावं. गोळी औषधांच्या डब्यात ठेवली तर विसरते. दात घासायच्या ब्रशच्या पेल्यात ठेवली तर ब्रश उचलताना ती हाताला लागते.